पाणी न लागलेली माती

विनू,

तेरावं आटोपलं. राईचे, तुझ्या गावचे लोक गेले, उसनी आणलेली पातेली परत गेली, आणि जाताना प्रत्येकजण मला सांगून गेला की तू सुटलास. मी मान डोलावली. खरं तर ओठांवर आलं होतं की त्याला सुटायचं कुठे होतं, त्याची शेवटची माती चाळायची राहिली होती. पण माणसं भली आहेत, इतके दिवस त्यांनी माझ्या घरात चूल पेटू दिली नाही, दोन्ही वेळचं जेवण राईहून येत होतं, म्हणून गप्प बसले. तुझ्यासमोर गप्प बसायची मला सवय नाही, आणि आता तुला मध्येच तोंडही घालता येणार नाही. तेव्हा ऐक.

दोन गोष्टी राहिल्यात. एक म्हणजे, हॉस्पिटलात तू मला चार वेळा विचारलंस, "शुभा, छातीचा फोटो काढलास का?" आणि चारही वेळा मी "काढते" म्हणाले. दुसरी म्हणजे, तुला खरं काय झालं होतं ते रुबीनाला सांगायचं राहिलं. पहिली चूक माझी, दुसरी तुझी. निदान परवापर्यंत मी असंच धरून चालले होते.

तू काय काम करायचास हे लोकांना सांगायचं म्हणजे आधीच पंचाईत. "चंद्राची माती बनवायचे" म्हटलं की समोरचा हसावं की नाही या विचारात पडतो. माझ्या विमा कंपनीतल्या जुन्या मैत्रिणी भेटायला आल्या होत्या, त्यातल्या एकीने हळूच विचारलं, म्हणजे गणपतीच्या मूर्तींसाठी का गं, शाडूसारखी? मी हो म्हटलं. त्या दिवशी माझ्यात समजावून सांगायचं त्राण नव्हतं. रागावू नकोस, नंतर तिला फोन करून सांगितलं सगळं. सांगितलं की घोडबंदरच्या बाजूला एक गाळा आहे, तिथे हा आणि रुबीना नावाची मुलगी दगड फोडायचे, दळायचे, चाळायचे आणि चंद्रावरच्या मातीसारखी माती तयार करायचे. उद्या जी माणसं चंद्रावर उतरणार त्यांचे बूट, हातमोजे, गाडीची चाकं आधी इथल्या मातीत घासून बघायची, म्हणजे तिथे गेल्यावर जिवावर बेतायला नको. मैत्रीण म्हणाली, किती पुण्याचं काम.

हे वेड तुझ्यात कुठून आलं ते मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी गिरगावातली, मीठ पुडीतून येतं एवढंच माहीत. तुझे बाबा मला मिठागर दाखवायला घेऊन गेले. खाडीचं पाणी आत घ्यायच्या आधी खालचा चिखल पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचं काम चाललं होतं. मी नवी साडी सावरत भराभर चालायला गेले आणि पोटरीपर्यंत रुतले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "पाय आधी टेकव, भार मंग टाक. खाली काय हाय ता डोल्याला दिसत न्हाय." घरी येऊन मी तुला नक्कल करून दाखवली, तर तू गंभीरच झालास. म्हणालास, चंद्रावर उतरणाऱ्या यानाचंही अगदी हेच दुखणं आहे, वर चार बोटं पिठासारखं मऊ आणि खाली दगडासारखं घट्ट, आणि ते कुठे किती ते वरून कळत नाही. नव्या नवरीशी बोलायला विषय काढलास तो हा. तुझ्या आईसमोर मी तुला अहो म्हणायचे आणि खोलीत आलं की विनू. पण त्या दिवशी मनात दुसरंच काहीतरी म्हटलं होतं, ते आता लिहीत नाही.

पुढे वीस वर्षं तू इमारतींच्या पायासाठी जमिनीला भोकं पाडून खालचा दगड कापून तपासत राहिलास. पन्नाशीला आलास आणि कोणीतरी तुला त्या गाळ्यात बोलावलं. त्या दिवशीचा तुझा चेहरा मला आठवतो. पेढे आणले होतेस आणि पेढ्यांबरोबर एक पांढरट दगड. चंद्राचा जो उजळ भाग दिसतो ना शुभा, तो असल्या दगडाचा आहे. मी दगड घेतला, पेढे घेतले, आणि विचारलं की पगार कमी आहे का. हो म्हणालास. मी म्हटलं, जा. माझी नोकरी होती, आपल्याला मूलबाळ नव्हतं, तुला अडवायला माझ्याकडे काही कारणच नव्हतं.

मुलाचं निघालंच आहे तर तेही बोलून घेते. दोष माझ्यात होता, रिपोर्टवर स्वच्छ लिहिलेलं होतं. तू तो रिपोर्ट खिशात घातलास आणि राईला जाऊन आईला सांगून आलास की कमी माझ्यात आहे. त्यानंतर त्या घरात मला कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही, उलट तुझी आई मला दोन पापलेटं जास्त वाढायची, बिचारी म्हणून. त्या खोट्याचं ऋण मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. रिपोर्ट खिशात ठेवायची कला तुझ्याकडे तेव्हापासून होती, आणि तुझ्याकडून ती मी शिकले.

आपल्या सोसायटीतली कोजागिरी आठवते? दर वर्षी गच्चीवर दूध, गाणी, भेंड्या. त्या वर्षी खालचे मेहताभाई म्हणाले, विनायकभाई, आप तो चाँद के आदमी हो, दो शब्द बोलो. दोन शब्द. तू अर्धा तास बोललास आणि त्यात चंद्र सुंदर आहे असं एकदाही म्हणाला नाहीस. चंद्र आतून थंड होत आकसतोय, त्यामुळे त्याला भेगा पडतात आणि भूकंप होतात. आपला भूकंप पटकन थांबतो, तिथला मिनिटंच्या मिनिटं हलवत राहतो, कारण तिथे ओल नाही आणि कोरडा दगड घंटेसारखा झणझणत राहतो. दक्षिणेकडे, जिथे माणसं उतरवायची म्हणतात, तिथले उतार अशा हादऱ्याने घसरू शकतात. तिथे सूर्य इतका खाली असतो की सावलीतला खड्डा हातभर आहे की ताडभर ते कळत नाही. यान उतरताना खालची माती अशी उडते की तिला थांबवायला हवाच नाही, लांब उभं केलेलं दुसरं यंत्रसुद्धा ती खरवडून काढते. सगळे दुधाचे ग्लास हातात धरून तुझ्याकडे बघत होते आणि दुधावर साय धरत होती.

आणि मग तू तुझ्या आवडत्या विषयावर आलास. म्हणालास, हे सगळं एकवेळ परवडलं, खरी वैरीण आहे ती धूळ. पृथ्वीवरची वाळू वाऱ्या-पाण्याने घासून गोल झालेली असते. तिथे वारा नाही, पाणी नाही. उल्का आदळून दगड फुटले, वितळले, त्यांची काच झाली, आणि ती काच अजून जशीच्या तशी धारदार आहे. अंगाला चिकटते, झटकली तर जात नाही, हातमोजे झिजवते, सांध्यांमधली रबरं खाते. माणूस यानात परत आला की कपड्यांबरोबर आत येते, आणि मग तो तीच श्वासात घेतो. पूर्वी गेलेल्यांना शिंका आल्या होत्या, घसे धरले होते, फुटलेल्या फटाक्यांसारखा वास आला म्हणाले होते. ते तीन दिवस राहून आले. आता जे जातील ते महिनोन् महिने राहतील, त्यांच्या फुप्फुसांचं काय? मेहताभाईंच्या सूनबाईंनी लहान मुलीच्या हातातला ग्लास काढून घेतला, जणू दुधातच ती धूळ पडणार होती. पुढच्या वर्षी तुला कोणी बोल म्हणालं नाही.

मी तेव्हा खूप हसले होते. तू त्या फुप्फुसांबद्दल बोलत असताना मध्येच दोनदा खोकलास, हे मला आता आठवतं. तेव्हा वाटलं, गच्चीवर गारवा आहे.

आता भांडण. आपलं खरं भांडण एकच, बाकी सगळं लुटुपुटीचं. घोडबंदर रस्त्याच्या कडेला खडी फोडणारे लोकसुद्धा दगडावर पाणी मारतात, धूळ उडू नये म्हणून. हे अंगठाबहाद्दर माणसालाही कळतं. तू मारायचा नाहीस. गाळ्याच्या भिंतीवर तुझ्या अक्षरात पाटी, वहीच्या पहिल्या पानावर तेच, लाल शाईत: पाणी लावू नये. का, तर चंद्रावर पाणी नाही. एकदा पाणी लागलं की दाण्याला दाणा चिकटतो, मळलेल्या कणकेसारखं होतं, मग ती चंद्राची माती राहिली नाही, भाईंदरची झाली. मी म्हणायचे, अरे मग बंद पेटीत दळ, काचेच्या, हात आत घालून. तू म्हणायचास, मालक पुढच्या ऑर्डरला आणू म्हणतोय. मी म्हणायचे, मास्क लाव. लावतो म्हणायचास, आणि लावायचास हनुवटीला, कारण चाळणीतला दाणा नाकाजवळ नेऊन बघायची तुला खोड. वास येतो का बघायचास. फटाक्यांचा. कधी आला नाही ना?

संध्याकाळी घरी यायचास तो राखेत लोळून आल्यासारखा. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्यांमागे पांढरं. कपडे मी बाल्कनीत झटकायचे, मग भिजवायचे. एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, दाराबाहेर कपडे काढायचे, बादलीत टाकायचे, मगच घरात पाऊल. तू केवढा खूश झालास. चंद्रावरही हाच उपाय शोधताहेत म्हणालास, पोशाख बाहेरच लटकवून ठेवायचा आणि माणसाने त्याच्या पाठीतल्या दारातून सरळ घरात शिरायचं. मला चित्र काढून दाखवलंस, माझी पाठ थोपटलीस, शुभा, तू शास्त्रज्ञ व्हायला हवी होतीस. दोन आठवडे बादली बाहेर राहिली. मग सोसायटीची नोटीस आली की जिन्यात सामान ठेवू नये, आणि पंचा गुंडाळून उभा राहिलेला तू शेजारणीला चालत नव्हतास. बादली आत आली. आपण दोघांनी एका नोटिशीपुढे हार मानली. मी अर्ज करू शकले असते, भांडू शकले असते, आयुष्यभर दुसरं काय केलं. केलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी तुझा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, काम काय करता. तू सांगितलंस. फुप्फुसं आतून दगडासारखी घट्ट होत चालली आहेत म्हणाले, आता मागे फिरणार नाहीत. वीस वर्षांच्या दगडकापणीची धूळ की गाळ्यातली, तू विचारलंस, आणि तेव्हाही मला वाटलं की हा मेला चंद्राला वाचवतोय. ते म्हणाले, कोणती ते नाही सांगता येणार, पण इतकी बारीक धूळ उघड्यावर कोणी घेऊ नये. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कपडे कोण धुतं?"

तू माझ्याकडे बघितलंस. पस्तीस वर्षांत तू माझ्याकडे तसं बघितलं नव्हतंस, घाबरून.

रिक्षात मी तुला म्हटलं, रुबीनाला सांगायला हवं. सहा वर्षं ती तुझ्या शेजारी उभी राहून चाळतेय. तू बाहेर बघत होतास. म्हणालास, ही बॅच होऊ दे. आत्ता सांगितलं तर ती घाबरून काम सोडेल, आणि तिच्यासारखं चाळणं कोणाला जमत नाही, या मातीत हातमोजे तपासायचेत, त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून आहे. मास्क दिलाय तिला मी. मी म्हटलं, तुझ्यासारखाच लावत असेल. पुढे चार महिने तू जमेल तसा जात राहिलास, आणि गाळ्यात सगळ्यांना सांगितलंस की निमोनिया आहे, जुना, चिवट.

मी दुसऱ्याच दिवशी मीरारोडला जाऊन माझा फोटो काढला. हो, दुसऱ्याच दिवशी. रिपोर्ट संध्याकाळी आला. साफ आहे, विनू. दोन्ही बाजू साफ. आयुष्यभर मी क्लेमचे कागद वाचले, मला रिपोर्ट वाचता येतो, दोनदा वाचला. आणि पर्समध्ये ठेवून दिला.

का नाही सांगितलं? राग होता म्हणून. तू एकदा म्हणावंस, चुकलो, एवढंच मला हवं होतं. बादलीचं चुकलं, मास्कचं चुकलं, पाण्याचं चुकलं, रुबीनाचं चुकलं, कशाचंही. मी ठरवलं होतं की तू चुकलो म्हणालास की त्याच क्षणी पर्स उघडायची. तू म्हणाला नाहीस. तू फक्त विचारत राहिलास, फोटो काढलास का. आणि खरं सांगू, मला ते आवडू लागलं होतं. तुझ्या डोक्यात चंद्राच्या जागी मी आले होते. आजारी माणसाच्या भीतीवर मी माझे लाड करून घेतले. मला माझी लाज वाटते.

शेवटच्या दोन दिवसांत तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मोठा मास्क बसवला. तू बोलू शकत नव्हतास. सिस्टर म्हणाली, बोला मावशी, त्यांना ऐकू जातं. मी बोलले. लाइटबिल भरलं म्हणून सांगितलं, कामवाली दोन दिवस आली नाही, राईच्या घराजवळचं चिंचेचं झाड तोडलं. फोटोचं नाही सांगितलं, कारण ते सांगितलं असतं तर मला कळलं असतं की ही शेवटची वेळ आहे. मंगळवारी सकाळी तू गेलास. तुझ्याबरोबर तो प्रश्नही गेला, तसाच.

आता पुढचं ऐक, हे तुला माहीत नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी रुबीना घरी आली. तुझी वही छातीशी धरून. रडली, चहा घेतला, मग वहीतली एक ओळ तिला लागत नव्हती ती मला वाचून द्यायला सांगितली. तुझं अक्षर मलाच लागतं. बॅच अर्धी राहिलीय म्हणाली, सरांच्या पद्धतीनेच पूर्ण करणार, एक थेंब पाणी लावू देणार नाही कोणाला. तिच्या ओढणीच्या काठावर धुळीची राखाडी रेघ होती. माझ्या तोंडून डॉक्टरांचाच प्रश्न बाहेर पडला, कपडे कोण धुतं गं तुझे? ती म्हणाली, अम्मी.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर तू म्हणशील, नाटकं. लागली. पण सकाळी उठले ती ठरवूनच. रुबीनाबरोबर गाळ्यात गेले. मालकाने तुझ्या फोटोला हार घातला होता, माझ्यासाठी खुर्ची मागवली, म्हणाला की ही बॅच विनायकसरांच्या नावाने पाठवणार. मी म्हटलं, नाव राहू दे, आधी ती बंद पेटी आणा. तो म्हणाला, मॅडम, पुढच्या ऑर्डरला नक्की. अगदी तुझाच शब्द. मग मी रुबीनाला आणि त्याला दोघांना सांगितलं की निमोनिया नव्हता. काय होतं ते सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मालक म्हणाला, बघतो, तोवर काम मास्क लावून चालू ठेवू. रुबीना खाली मान घालून उभी होती.

कोपऱ्यात तुझी दळून ठेवलेली माती होती, पसरट ट्रेमध्ये, वर कापड. हात धुवायच्या नळाला प्लास्टिकची नळी होती. मी कापड काढलं आणि नळी सोडली.

विनू, मी तुझी सगळी माती भिजवली. सगळी, तळापर्यंत. तिचा चिखल झाला, राखाडी, साधा. मालक ओरडला, नळ बंद करायला धावला, तोवर ट्रे भरून वाहत होता. मी नळी खाली ठेवली आणि खुर्चीवर बसले. रुबीना रडली. सरांचं होतं ते, म्हणाली. मला ठाऊक आहे काय केलं ते. त्या हातमोज्यांची परीक्षा लांबली, आणि ती परीक्षा कोणाचा तरी जीव वाचवायलाच होती, तू खोटं बोलत नव्हतास. पण ज्यांना चंद्रावर जायचंय ती माणसं अजून इथेच आहेत, धडधाकट, त्यांच्यासाठी दहा जण विचार करताहेत. रुबीनासाठी त्या गाळ्यात एकही नव्हता. तुला राग आला असेल तर येऊ दे. मलाही येतोय अजून तुझा, अधूनमधून, मग लगेच तुझा चष्मा दिसतो टेबलावर आणि मी त्या खोलीतून बाहेर येते.

परवा आम्ही तिघी मीरारोडला गेलो, मी, रुबीना आणि तिची अम्मी. त्याच सेंटरला. अम्मी बुटकीशी, हसरी बाई आहे, तिला वाटत होतं कामावरून घरच्यांचीही करतात तसलीच साधी तपासणी आहे. मला सारखी म्हणत होती, तुमचे साहेब आमच्या पोरीला बेटा म्हणायचे. दोघींचे फोटो झाले आणि आम्ही बाकावर बसून राहिलो. मी ठरवलं होतं, काहीही येवो, हातात आल्या मिनिटाला सांगायचं, पर्समध्ये एक क्षण ठेवायचा नाही.

पाकिटं आली. रुबीनाला उघडवेना, तिने माझ्याकडे दिली. अम्मीचा साफ. रुबीनाचा नाही. वरच्या भागात दोन्हीकडे बारीक ठिपके, पुढच्या तपासण्या कराव्यात असं लिहिलं होतं. मी तिला तिथेच, तसंच्या तसं वाचून दाखवलं. म्हटलं, अजून लवकर आहे, धूळ आज बंद झाली तर बरंच काही हातात आहे, मोठ्या डॉक्टरांकडे उद्या मी येते. ती बत्तीस वर्षांची आहे, विनू. तिने कागद घेतला, नीट घडी घातली. मी तिचा दुसरा हात हातात धरला. अम्मी पाण्याची बाटली घ्यायला बाहेर गेली होती. रुबीनाने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "सरांना माहीत होतं?"

मला वाटलं होतं, तुझी बाजू घेणं मला सहज जमेल. पस्तीस वर्षं घेत आले. सरांना शेवटी कळलं गं, वेळच मिळाला नाही, असं म्हणायला जीभ उचललीही होती. तुझ्या आईसमोर तू माझ्यासाठी जसा उभा राहिलास तशी मी तुझ्यासाठी उभी राहू शकले असते, ती मुलगी तुला देव मानते, तिचा तेवढा देव तरी वाचला असता. मी तिच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "गेल्या दिवाळीपासून. त्यांना माहीत होतं, आणि मलाही."

तिने तिचा हात माझ्या हातातून काढून घेतला.